एआयच्या नावांची डोमेनं घेऊन ठेवा, असं सांगणाऱ्यांना उत्तर

गेले बरेच महिने एक संदेश फिरतो आहे. त्याचा गाभा असा: एआयची डोमेनं, म्हणजे एआयशी जोडलेली वेबसाइटच्या पत्त्याची नावं, ही डिजिटल जमीन. आज शंभर नावं नोंदवा, पाच वर्षं धरून ठेवा, कंपन्या मागतील त्या किमतीला घेतील. चॅट डॉट कॉम दीड कोटी डॉलरला गेलं, यू डॉट एआय सात लाखांना. नावात कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात तो शब्द, असला की गूगल वर आणतंच. किंमत सांगणारी साधनं फुकट आहेत. आणि बुडण्यासारखं काही नाही, कारण नाव विकलं गेलं नाही तरी ते आपलंच राहतं.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. पण बचत बुडते ती उरलेल्या अर्ध्यात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"डिजिटल जमीन आहे, नाव आपलंच राहतं"

डोमेन कोणाच्याच मालकीचं होत नाही. पैसे भरून मिळतो तो मुदतीपुरता वापराचा हक्क. डॉट कॉमची मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत वाढवता येते. ती चुकली की रजिस्ट्रारच्या, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, हातात सवलतीचे काही दिवस असतात, कमाल ४५. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, ज्यात नाव परत मिळवायला नूतनीकरणाच्या कितीतरी पट दंड पडतो. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे नाव पुसलं जाण्याची वाट, आणि नाव सगळ्यांना खुलं. व्यवहारात बरेच रजिस्ट्रार त्याआधीच मुदत संपलेलं नाव लिलावात काढतात. जमीन पडून राहिली तरी सातबाऱ्यावरचं नाव टिकतं. इथे एक ईमेल स्पॅममध्ये गेला किंवा खात्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपली, तरी नाव हातचं जाऊ शकतं.

डॉट एआयचं तर आणखी वेगळं आहे. हा विभाग (नावातला डॉटनंतरचा भाग, म्हणजे एक्स्टेंशन) कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कोणी काढलेलाच नाही. तो कॅरिबियनमधल्या अँग्विला या ब्रिटिश प्रदेशाचा देशसंकेत आहे, १९९५ पासूनचा. देशसंकेताचे दर आणि नियम त्या त्या ठिकाणचा कारभार ठरवतो. डॉट कॉमच्या घाऊक दराच्या (रजिस्ट्रार जो दर भरतो त्याच्या) वाढीला करारात जशी मर्यादा आहे, तिचा इथे आधार घेता येत नाही. २०२३ मध्ये अँग्विला सरकारला या नावांतून सुमारे ३ कोटी २० लाख अमेरिकी डॉलर मिळाले, म्हणजे सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. या व्यवहारात हमखास कमावणारा पक्ष कोण, हे त्या आकड्यावरून कळतं. नाव विकलं जावो न जावो, नूतनीकरणाचे पैसे तिकडे जातातच.

"शंभर नावं स्वस्तात घ्या, पाच वर्षं धरा"

संदेश पसरवणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडल्याचं दिसत नाही, म्हणून तो सविस्तर मांडतो.

डॉट एआयचा घाऊक दर काही वर्षं वर्षाला ७० डॉलर राहिला, आणि नोंदणी व नूतनीकरण दोन्ही किमान दोन वर्षांचं. म्हणजे त्या दराने एका नावाला एकरकमी १४० डॉलर, वर रजिस्ट्रारचा नफा वेगळा. तो सोडून दिला तरी शंभर नावांचे १४,००० डॉलर पहिल्याच दिवशी जातात. "पाच वर्षं धरा" म्हणजे प्रत्यक्षात सहा वर्षांचे पैसे, कारण भरणा दोन-दोन वर्षांचा. ४२,००० डॉलर झाले. या काळात दर वाढला तर आकडा आणखी पुढे.

आता आवक. या धंद्यातला जुना ठोकताळा असा की नीट निवडलेल्या साठ्यातून वर्षाला शेकडा एक ते दोन नावं विकली जातात. एक धरू. नावं जिथे विकायला ठेवतात त्या ऑनलाइन बाजारपेठेचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्के. मधलं २० धरू. वर्षाचा खर्च ७,००० डॉलर भरून काढायला ते एकुलतं एक नाव ८,७५० डॉलरला जायला हवं, आणि तसं दर वर्षी घडायला हवं. तरी अजून नफा शून्यच. दोन नावं गेली तर प्रत्येकी ४,३७५.

हेच गणित डॉट कॉमला लावून पाहा. घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. किरकोळीत ११ धरले तर शंभर नावांचे वर्षाला १,१००, आणि १,३७५ डॉलरची एक विक्री खर्च भागवते. म्हणजे चुकीच्या निवडीची शिक्षा डॉट एआयमध्ये सहापट आहे. डॉट कॉममध्ये पन्नास फालतू नावं वर्षभर सांभाळता येतात. डॉट एआयमध्ये पन्नास फालतू नावं म्हणजे वर्षाला ३,५०० डॉलरची गळती.

शिवाय तो एक-दोन टक्क्यांचा ठोकताळा निवडक साठ्याचा आहे. आज कोणालाही नोंदणीसाठी मोकळं सापडणारं नाव मोकळं का उरलं, हा प्रश्न आधी विचारायला हवा. २०२३ च्या अखेरीस डॉट एआयची साडेतीन लाखांहून जास्त नावं नोंदलेली होती आणि पुढे ती संख्या झपाट्याने वाढली. एका शब्दाची, तीन अक्षरांची, बोलायला सोपी नावं त्याआधीच गेलेली. उरलेल्यांतून हाताने वेचलेल्या शंभरांना एक टक्काही विक्री लाभेल, असं गृहीत धरायला काही आधार नाही.

"चॅट डॉट कॉम आणि यू डॉट एआय बघा"

दोन्ही विक्री खऱ्या आहेत. चॅट डॉट कॉम २०२३ मध्ये हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं, पुढे ते ओपनएआयकडे गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटीकडे वळू लागलं. यू डॉट एआयची ७ लाख डॉलरची विक्रीही २०२३ चीच. पण ही नावं कसली आहेत ते पाहा: एक इंग्रजी शब्द, चार आणि तीन अक्षरं, रोजच्या बोलण्यातले. चॅट डॉट कॉममध्ये तर एआय हा शब्दही नाही. एआयची लाट येण्यापूर्वीही ते महागच होतं. या विक्रीतून "एआयफॉरडेंटलक्लिनिक्स" छापाच्या नावाची किंमत काढता येत नाही.

विक्रीच्या जाहीर याद्या वाचतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवायची. नेमबायो या विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटसारख्या ठिकाणी विकलेली नावं दिसतात, न विकलेली दिसत नाहीत. सहा वर्षं पैसे भरून शेवटी सोडून दिलेल्या नावांची यादी कोणी ठेवत नाही. बरेच मोठे व्यवहार गुप्ततेच्या कराराखाली होतात हेही खरं, पण त्यातून सामान्य नावाची मागणी सिद्ध होत नाही.

"कंपन्या रांग लावतील"

एआयमधल्या कंपन्यांनी प्रत्यक्षात कोणती नावं निवडली? अँथ्रॉपिक, मिडजर्नी, हगिंग फेस, परप्लेक्सिटी, मिस्ट्रल. कीवर्ड जोडून केलेलं एकही नाही. ओपनएआयच्या नावात एआय आहे, पण ते डॉट कॉमवर आहेत. हगिंग फेस डॉट सीओवर आहे. परप्लेक्सिटी आणि मिस्ट्रल डॉट एआयवर आहेत खरे, पण ते आपल्याच वेगळ्या नावाने. संस्थापक नाव ठरवतो तेव्हा त्याला कामाचं वर्णन नको असतं, लक्षात राहणारा शब्द हवा असतो. हवं ते नाव महाग निघालं तर तो गेट, ट्राय, यूज असा एखादा शब्द पुढे लावतो, किंवा मागे ॲप किंवा एचक्यू जोडतो, किंवा वेगळं एक्स्टेंशन घेतो. हे पर्याय नेहमी मोकळे असतात, म्हणून मध्यम दर्जाच्या नावाचा विक्रेता खरेदीदाराला अडवू शकत नाही.

लाटांचा अनुभवही ताजा आहे. २०१५ च्या अखेरीस स्वर नसलेल्या चार अक्षरी डॉट कॉमना चिनी खरेदीदारांमुळे भलते भाव आले आणि २०१६ मध्ये उतरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने कंपनीचं नाव मेटा केलं, तेव्हा मेटा आणि व्हर्स जोडलेल्या नावांचा पाऊस पडला. पुढची नूतनीकरणं आली तशी ती टाकून दिली गेली. तंत्रज्ञान टिकणं आणि त्याचं आजचं नाव टिकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एआय टिकेल. "प्रॉम्प्ट" किंवा "एजंट" हे शब्द सहा वर्षांनी याच अर्थाने चालू असतील का, यावर मात्र त्या ४२,००० डॉलरांतला बराच भाग लागलेला असतो.

"कीवर्ड असला की गूगल वर आणतं"

नाही. नुसत्या हुबेहूब कीवर्डच्या जोरावर वर येणाऱ्या निकृष्ट साइट खाली ढकलणारा बदल गूगलने सप्टेंबर २०१२ मध्येच केला. एक्स्टेंशनमधल्या शब्दाने क्रम सुधारत नाही, हेही त्यांनी २०१५ मध्ये स्पष्ट केलं. डॉट एआयला गूगल जागतिक एक्स्टेंशनसारखं वागवतं, म्हणजे साइट अँग्विलापुरती धरली जात नाही. फायदा इतकाच.

"किंमत सांगणारी साधनं आहेत"

ही साधनं शब्दांची लांबी, शोधांची संख्या आणि जुन्या विक्री यांवरून आकडा काढतात. त्या आकड्याला नाव घ्यायला कोणी तयार आहे, असं त्यात कुठेही नसतं. घासाघीस करताना समोरचा तो आकडा मोजत नाही. याच आकड्यांवर एक ठकबाजी चालते: "खरेदीदार" ईमेल करतो, किंमत मान्य करतो आणि अमुक संस्थेचं मूल्यांकन प्रमाणपत्र तेवढं आणा म्हणतो. प्रमाणपत्राचे पैसे गेले की खरेदीदारही जातो. खरा खरेदीदार विक्रेत्याला कधीही प्रमाणपत्र विकत आणायला सांगत नाही. व्यवहार एस्क्रोतून, म्हणजे पैसे मध्ये धरून ठेवणाऱ्या तिसऱ्या संस्थेतून, करायचा: पैसे आधी एस्क्रोत, मग नावाचं हस्तांतर, खरेदीदाराने ते मिळाल्याचं कळवलं की पैसे सुटतात. एस्क्रोचा पत्ता समोरच्याच्या दुव्यावरून न उघडता स्वतः टाइप करायचा, कारण नकली एस्क्रो साइटही असतात.

"बुडण्यासारखं काही नाही"

याला सगळ्यात ठाम विरोध करायला हवा. नवं मॉडेल जाहीर झालं की त्याच संध्याकाळी त्याच्या नावाला प्रो, ॲप, हब जोडून नोंदणी करणारे असतात. चॅटजीपीटी, जेमिनाय, कोपायलट ही दुसऱ्यांची व्यापारचिन्हं (ट्रेडमार्क) आहेत. यूडीआरपी ही डोमेनवादांची पद्धत १९९९ पासून आहे आणि डॉट एआयलाही लागू आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या चिन्हासारखं गोंधळ घालणारं आहे, नोंदवणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नोंदणी व वापर दुष्ट हेतूने झाला आहे. डब्ल्यूआयपीओ या जागतिक बौद्धिक संपदा संस्थेकडे एक ते पाच नावांच्या एकसदस्यीय प्रकरणाचं शुल्क १,५०० डॉलर. मोठ्या कंपनीला ते किरकोळ आहे. उत्तर द्यायला २० दिवस मिळतात, प्रकरण चालू असताना नाव गोठवलेलं असतं, आणि हरलं तर ते भरपाईशिवाय जातं.

कित्येकांना माहीत नसलेली गोष्ट अशी: चिन्हाच्या मालकालाच जास्त पैशांत विकण्यासाठी नाव नोंदवणं, हेच नियमांत दुष्ट हेतूचा पुरावा म्हणून लिहिलेलं आहे. म्हणजे "हे नाव घ्या, ५,००० डॉलर" असा ईमेल कंपनीला पाठवणारा तिच्या वकिलाचं काम स्वतःच करून देतो. अमेरिकी कायद्यात तर न्यायालय दर नावामागे १,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत भरपाई लावू शकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाने "जीपीटी" हा शब्द वर्णनात्मक ठरवून ओपनएआयला नोंदणी नाकारली, त्याचा आधार घेऊन आता सगळं मोकळं असल्याचं सांगितलं जातं. तो निर्णय त्या तीन अक्षरांपुरता, त्या अर्जापुरता होता. चॅटजीपीटी घातलेल्या नावाला त्याने कसलंही संरक्षण मिळत नाही.

मग यात कोणी कमावतच नाही का? कमावतात, पण ते शंभर नावं घेत नाहीत. ते पाच घेतात, आणि बहुधा नव्याने नोंदवण्याऐवजी मुदत संपलेल्यांच्या लिलावातून किंवा आधीच्या धारकाकडून. तपासणीचा क्रम साधारण ठरलेला असतो. नावातलं "एआय" काढून उरलेला शब्द स्वतःच्या बळावर उभा राहतो का ते पाहायचं. तोच शब्द इतर एक्स्टेंशनवर किती खऱ्या, चालू कंपन्या वापरतात ते मोजायचं. दहाच्या खाली संख्या आली तर संभाव्य खरेदीदारच नाहीत. डब्ल्यूआयपीओच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये आणि टीएमव्ह्यू या ट्रेडमार्कच्या शोधसाधनात चिन्ह शोधायचं. वेबसाइटच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर जुना वापर बघायचा, कारण आधी स्पॅमसाठी वापरलेल्या नावाचे ईमेल पुढच्या धारकाचेही अडकतात. नूतनीकरणाचा दर कार्टमध्ये टाकून वाचायचा: नव्या एक्स्टेंशनांत काही नावं प्रीमियम, म्हणजे मुद्दाम जास्त दराची, असतात आणि पहिल्या वर्षी स्वस्त दिसलेलं नाव पुढे दर वर्षी शेकडो डॉलर मागतं. डॉट कॉम नव्याने नोंदवलं किंवा रजिस्ट्रार बदलला की साधारण ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, म्हणून लगेच विकायचं असेल तर त्याच रजिस्ट्रारकडच्या खरेदीदाराच्या खात्यात हलवण्याची (पुश) सोय आहे का, हे आधीच विचारायचं.

घेतल्यावर नेमसर्व्हर (नाव उघडल्यावर कुठे जायचं ते ठरवणारी नोंद) बाजारपेठेच्या विक्रीपानाकडे वळवायचे आणि किंमत लिहायची. छोट्या कंपनीचा माणूस रात्री अकराला नाव शोधत असतो. "संपर्क करा" वाचून तो पुढच्या नावाकडे जातो. नूतनीकरणाच्या ६० दिवस आधी प्रत्येक नावाच्या चौकशा मोजायच्या. दोन वर्षांत एकही खरी चौकशी नसेल, तर ऑटो-रिन्यू (आपोआप होणारं नूतनीकरण) बंद करून ते नाव जाऊ द्यायचं, आधी भरलेले १४० डॉलर कितीही टोचले तरी.