‘रक्त शुद्ध ठेवा, गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी अशोक चौकाकडे आत्याच्या घरी गेलो होतो. ती चहा ठेवायला उठली आणि मी सहज तिचा गोळ्यांचा डबा उघडला. वारांचे सात कप्पे असलेला तो डबा मीच आणून दिलाय. बुधवारपासून एकाही कप्प्याला हात लागलेला नव्हता.

“आत्या, हे काय?”

“बंद केल्यात. इंजेक्शनाच्या आधी रक्त शुद्ध पायजे म्हणे. धा दिवस.”

सात महिन्यांपूर्वी आत्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय. त्या डब्यात अ‍ॅस्पिरिन होती, क्लोपिडोग्रेल होती, बीपीची गोळी होती, शुगरची मेटफॉर्मिन होती. या सगळ्या गोळ्या एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच्या एका ओळीवरून थांबल्या होत्या. मेसेज तिच्या भिशीच्या ग्रुपवर आला होता. तो असा:

“गुडघेदुखीला कायमचा रामराम! आपल्याच रक्तातून नवा गुडघा. पीआरपी म्हणजे स्टेम सेलच. फक्त 3 इंजेक्शनांत झिजलेली कूर्चा पुन्हा भरते, ऑपरेशनची गरज नाही. स्वतःचंच रक्त असल्यामुळे दुष्परिणाम शून्य. टकलावर केस येतात, चेहरा दहा वर्षांनी तरुण होतो. डेंगीतसुद्धा हेच देतात. इंजेक्शनाआधी 10 दिवस सर्व गोळ्या बंद ठेवा, म्हणजे रक्त शुद्ध राहील. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.” खाली एक मोबाइल नंबर. यातलं पीआरपी म्हणजे ‘प्लेटलेट-रिच प्लाझ्मा’, आपल्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला भाग; आणि कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण.

मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून लोकांचं रक्त काढतो, सेंट्रिफ्यूज नावाच्या मशीनमध्ये वेगाने फिरवतो, प्लेटलेट मोजतो. मेसेजातला ‘चमत्कार’ ज्या नळीत घडतो ती नळी रोज माझ्या हातात असते, म्हणून हे लिहायला बसलो.

गोळ्यांची ओळ मेसेजात शेवटी आहे. मी ती पहिली घेतो, कारण बाकीच्या थापांनी पैसे जातील, हिने माणूस जाईल.

प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी. कुठे कापलं की त्या तिथे जाऊन चिकटतात, एकमेकींना धरतात आणि गुठळी करून रक्त थांबवतात. पण स्टेंट ही धातूची जाळी असते. रक्तवाहिनीचं अस्तर तिच्यावर नीट चढेपर्यंत प्लेटलेटला ती जखमेसारखीच वाटते आणि त्या तिथेही गोळा व्हायला बघतात. ते होऊ नये म्हणून स्टेंटनंतर कित्येक महिने, बहुतेक वेळा वर्षभर, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या दोन गोळ्या देतात. अ‍ॅस्पिरिन ज्या प्लेटलेटवर काम करते ती प्लेटलेट मरेपर्यंत मंदच राहते. पण प्लेटलेटचं आयुष्यच 7 ते 10 दिवसांचं. शरीर रोज नव्या प्लेटलेट बनवतं, आणि गोळी थांबली की या नव्या प्लेटलेट पूर्ण ताकदीने चिकटायला मोकळ्या. चार-पाच दिवसांत त्यांची संख्या बरीच होते. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर सरळ हार्ट अटॅक. दात काढायचा असला तरी शहाणा दंतवैद्य अशा पेशंटला आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगतो. आणि इथे भिशीच्या ग्रुपवरून ‘सर्व गोळ्या बंद’!

या ओळीत अर्धं खरं काय आहे तेही सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल की डॉक्टरच सांगतात. हो, पीआरपीच्या आधी आठवडाभर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या टाळा असं हाडांचे डॉक्टर बहुधा सांगतात. त्या गोळ्यांनी प्लेटलेटचं काम मंदावतं आणि पीआरपीचा सगळा भरवसा प्लेटलेटवर असतो. सूचना एवढीच. मेडिकलमधून आणून परस्पर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दलची. तिची ‘सर्व गोळ्या’ कुणी केली आणि त्यात ‘शुद्ध’ हा शब्द कुणी घुसवला, देव जाणे. बीपीच्या गोळीने रक्त अशुद्ध होत नाही. मेटफॉर्मिनने होत नाही. उलट आत्याची शुगर त्या दुपारी उपाशीपोटी 268 निघाली. एवढ्या शुगरमध्ये गुडघ्याच्या सांध्यात सुई घालायची म्हणजे जंतुसंसर्गाला दार उघडून द्यायचं. आणि स्टेंटची गोळी थांबवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार हृदयाच्या डॉक्टरांचा. पीआरपी देणाऱ्यालाही तो परस्पर नाही.

मी तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं तशा गोळ्या लगेच सुरू केल्या, सोमवारी ईसीजी काढला. ठीक आला. रविवारची रात्र मात्र आमच्या घरात कुणी झोपलं नाही.

आता ‘नवा गुडघा’. पीआरपी म्हणजे नेमकं काय ते आधी बघा. हातातून साधारण 10 ते 60 मिली रक्त काढतात, ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या नळीत घेतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. मशीन थांबल्यावर नळी उजेडात धरली की थर दिसतात. खाली लाल पेशी, वर फिक्या पिवळ्या रंगाचा प्लाझ्मा, आणि दोन्हींच्या मध्ये भाकरीच्या पापुद्र्याहून पातळ असा पांढुरका पट्टा. प्लेटलेट या पट्ट्याच्या आसपास आणि त्याच्या लगतच्या प्लाझ्मात असतात. तेवढा भाग सुईने ओढून घेतला, कधी पुन्हा एकदा फिरवून आणखी दाट केला, की झालं पीआरपी. नेहमीच्या रक्तापेक्षा तीन ते पाच पट प्लेटलेट, आणि त्यांच्या पोटात जखम भरायला मदत करणारे वाढीचे घटक. त्यात स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी, नसतात. आणि कुणी खरोखरच गुडघ्यासाठी स्टेम सेल विकत असेल तर तिथून आधी उठा. आयसीएमआर या आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात, पैसे घेऊन नाही.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलीटर रक्तात दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत प्लेटलेट असतात. म्हणजे मुळातच माणसामाणसांत तिप्पट फरक. त्यात प्रत्येकाची मशीन वेगळी, फिरवायचा वेग आणि वेळ वेगळी. मेसेजातल्या नंबरवर मी फोन केला आणि विचारलं, तयार झालेल्या पीआरपीत प्लेटलेट किती आल्या हे मोजता का? समोरच्या बाईंना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, “सर, तीन इंजेक्शनांचं पॅकेज 45,000 आहे, या महिन्यात बुक केलं तर चेहऱ्याचं एक फ्री.” इंजेक्शन कोण देणार, त्यांचं शिक्षण काय, हे विचारल्यावर फोन कट झाला. जे औषध मोजलंच नाही त्याचा डोस काय, हे आत्याला कुणी सांगणार?

पण ही झाली आमच्या लॅबमधली शंका. कूर्चा भरते का, या प्रश्नाचं उत्तर मोजून दिलेलं आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एक चाचणी केली, ती नोव्हेंबर 2021 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आली. पन्नाशी ओलांडलेले, गुडघ्याची झीज सौम्य ते मध्यम असलेले 288 लोक. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी, दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. कोणाला काय टोचलं हे पेशंटना माहीत नव्हतं. वर्षभराने वेदना विचारली. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर पीआरपीवाल्यांची वेदना सरासरी 2.1 ने कमी झाली होती, आणि पाणी टोचलेल्यांची 1.8 ने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. मग एमआरआय काढून कूर्चा मोजली. पीआरपीच्या गटात ती 1.4 टक्क्यांनी घटली होती, पाण्याच्या गटात 1.2 टक्क्यांनी.

घटली होती. दोन्हीकडे. ‘पुन्हा भरते’ म्हणणाऱ्याने हे दोन आकडे वाचावेत आणि मग सांगावं, नवा गुडघा आला कुठून.

पाण्यानेही 1.8 कसं कमी झालं, असं माझ्या बायकोने विचारलं. दुखणं कमी-जास्त होत असतं, लोक फार दुखतं तेव्हाच इंजेक्शनाला जातात, आणि कुणीतरी आपल्यासाठी काही केलं या भावनेनेही वेदना उतरते. त्यामुळे ‘माझ्या शेजारणीला फरक पडला’ हे खरंही असेल. त्याने कूर्चा उगवली हे सिद्ध होत नाही.

दुसरी बाजूही आहे, ती मान्य करतो. वेदनेत काही महिने बरं वाटलं असं दाखवणारे अभ्यास आहेत. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 च्या मार्गदर्शिकेत पीआरपीला जागा दिलीय, पण ‘मर्यादित’ शिफारस या शिक्क्यासह. तिथल्याच संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने मात्र गुडघ्याच्या झिजेसाठी ते देऊ नका असं ठामपणे सांगितलंय. कारण हेच की प्रत्येकाचं पीआरपी वेगळं. एखादा प्रामाणिक डॉक्टर एक्स-रे बघून, शुगर तपासून, “थोडा फरक पडेल, कदाचित पडणारही नाही” असं सांगून पीआरपी देत असेल तर माझं त्याच्याशी भांडण नाही. आत्याचा एक्स-रे मी पाहिलाय. तीस वर्षं मांडी घालून विड्या वळलेल्या बाईचा गुडघा आहे तो, हाडाला हाड टेकलंय. मेलबर्नच्या चाचणीत इतकी झीज झालेले गुडघे घेतलेच नव्हते. सौम्य झिजेत जे सिद्ध झालं नाही ते इथे कशाच्या जोरावर विकताय?

‘दुष्परिणाम शून्य.’ रक्त तुमचंच असतं. सुई, नळी, टेबल आणि हात तुमचे नसतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये पीआरपीचं फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. पहिली केस 2018 ची, आणि तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने त्याचा तपशील एप्रिल 2024 मध्ये छापला. तपासणीत काय सापडलं? स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या, फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी इंजेक्शनं, उघड्या सिरिंज. नळीवर नाव न लिहिणं हा आमच्या कामात अक्षम्य गुन्हा आहे. नवीन मुलगा आला की मी पहिल्या दिवशी तेच शिकवतो, आधी नाव, मग सुई. पार्लरच्या मागच्या खोलीत हे कोण बघतं? आणि सगळं नीट झालं तरी इंजेक्शनानंतर दोन-तीन दिवस ठणकतं, सांध्यात क्वचित पू होतो. शून्य नाही.

केसांबद्दल मेसेज थोडा कमी खोटा आहे. अनुवंशिक टक्कल पडायला सुरुवात झाली असेल, मुळं जिवंत असतील, तर पीआरपीने केस काहीसे दाट होतात असे अभ्यास आहेत. महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा घ्यावं लागतं, पुढेही अधूनमधून चालू ठेवावं लागतं. गुळगुळीत टकलावर काही येत नाही. चेहऱ्याच्या ‘दहा वर्षां’ना कुठलाही आधार नाही. मधुमेहाच्या पायावरच्या न भरणाऱ्या जखमांसाठी पीआरपीचं जेल वापरतात, तिथे थोडी आशा आहे. मेसेजवाल्याला नेमकं तेच माहीत नाही.

डेंगीचं तर उलटंच. डेंगीत गरज पडली तर रक्तपेढीतून दुसऱ्या दात्याच्या प्लेटलेट आणून शिरेतून देतात. ज्याच्या प्लेटलेट मुळात खाली आल्यात, त्याचंच रक्त काढून त्यालाच टोचायचं?

आत्याने 45,000 साठी पाटल्या गहाण ठेवायचं ठरवलं होतं. का, तर जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापर्यंत तिला स्वतःच्या पायांनी जायचंय. गेली दोन वर्षं तिने मिरवणुकीतले नंदीध्वज टीव्हीवर पाहिले. हे कळल्यावर मला तिच्यावर रागावता येईना. राग त्या नंबरवाल्यांचा येतो. त्यांना बायकांची हीच इच्छा कळलेली आहे.

हाडांच्या डॉक्टरांनी तिला व्यायाम दिलाय. घरचाच जुना सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून गुडघ्याखाली ठेवायचा, पाय सरळ करून टॉवेल खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. जमिनीवर बसणं बंद, हातात काठी, वजन थोडं खाली. शुगर आटोक्यात आली आणि हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिला की पुढे सांधा बदलायचा विचार करू, घाई नाही. पाटल्या कपाटातच आहेत.

सोमवारी संध्याकाळी ईसीजी करून परतताना तिने विचारलं, “मी तो मेसेज पुढं पाठवलाय रे, विड्यांच्या कारखान्यातल्या बायकांना. त्याचं काय?” मी फोन तिच्या तोंडाजवळ धरला. ती तिच्या बोलीत बोलली, “बायांनो, मी पाठवलेलं ते खोटं हाय. गोळ्या बंद करू नका. केल्या असतील तर डॉक्टरला इचारा आजच.” रात्री साडेनऊपर्यंत तिघींचे फोन आले. एकीने बीपीची गोळी पाच दिवसांपासून सोडली होती, आणि एकीचा नवरा इन्सुलिन घेत नव्हता.