मेजर, माणूस मागे राहिला हे खरं आहे

नमस्कार मेजर.

तुम्ही नावाच्या जागी 'एक माजी फौजी' एवढंच लिहिलंय. आपल्या साताऱ्यात फौजेतून घरी आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, मग तो नायक म्हणून का रिटायर झालेला असेना. म्हणून मेजर. रागावू नका, आधीच पुष्कळ रागावलेले आहात.

आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपच्या रविवारच्या लाँग रनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या पळण्यावर, मी लेख लिहिला त्याखाली तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. पहिल्याच रात्री उत्तर लिहिलं होतं, पण ते फार तिखट झालं, म्हणून पुसलं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुमचं म्हणणं असं की, जुलैत घाटात एका बाईंना मागे सोडून आम्ही खाली मिसळ खात बसलो आणि लेखात त्याबद्दल चकार शब्द नाही. हळू पळणाऱ्यांना 'लाल डबा' म्हणून आम्ही त्यांची टिंगल करतो. शनिवारी आठच्या आत नाव द्या, हेडफोन काढा, पन्नास रुपये भरा ही दादागिरी आहे, रस्ता काही आमच्या मालकीचा नाही. पन्नास घेता तर पाणी तरी दर किलोमीटरला द्या. आणि एवढं करून पळणं कमी, गप्पाच जास्त. शेवटी तुम्ही लिहिलंत, "पलटणीत माणूस मागे सोडून येत नाहीत. सगळ्यांना एका चालीने पळवा, नाहीतर दुकान बंद करा."

माणूस मागे राहिला हे खरं आहे. मी ते लिहिलं नाही हेही खरं आहे. लेख नवीन लोकांनी यावं म्हणून होता, आणि जाहिरातीत कोण आपली चूक छापतं? आता लिहितो.

त्या रविवारी घाटाचा रन होता, अठरा किलोमीटर. पोवई नाक्यावरून निघायचं, राजवाडा, समर्थ मंदिर, मग यवतेश्वरचा घाट चढून वर, आणि आल्या वाटेने परत. सुरुवातीला सदतीस डोकी होती, मीच मोजली होती. घाटाची दोन वळणं गेल्यावर धुकं असं उतरलं की पुढच्याच्या पाठीवरची रिफ्लेक्टरची पट्टी दिसायची, माणूस दिसायचा नाही. आमच्याकडे 'शेवटचा माणूस' हे एक पद आहे. त्याने काहीही झालं तरी कुणाच्या पुढे जायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी पाण्याची स्कूटर चालवणारा आला नाही, म्हणून मी शेवटच्या माणसालाच स्कूटरवर बसवलं. दोन कामं एकाच्या गळ्यात घातली. चूक इथेच झाली, आणि ती माझी.

वर पोचल्यावर एका पोराच्या पोटरीला असा पेटका आला की त्याला पाय टेकवेना. शेवटच्या माणसाने त्याला मागे बसवलं आणि खाली आणलं. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण बघा. वळायची खूण काय ठरली होती? स्कूटर उभी असेल तिथून वळायचं. स्कूटरच खाली गेली. सगळ्यात मागे असलेल्या ताई, त्यांचा हा आमच्याबरोबरचा दुसराच रविवार, स्कूटर दिसेल दिसेल म्हणून धुक्यात सरळ कासच्या दिशेने पळत राहिल्या. मोबाइल जवळ नव्हता, कारण पावसात भिजतील म्हणून सगळ्यांचे मोबाइल माझ्या गाडीच्या डिकीत ठेवायला आम्हीच लावले होते.

खाली मी विचारलं, "सगळे आले ना?" सगळ्यांनी "होऽऽ" म्हटलं. मोजणी संपली. मिसळीची दुसरी तर्री आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, डिकीत फोन वाजतोय. ताईंच्या घरून फोन होता.

दोघं मोटरसायकलवर वर गेले. ताई समर्थ मंदिराच्या अलीकडे भेटल्या, घाट एकट्याने उतरून आल्या होत्या. संध्याकाळी मी घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भीती नाही हो वाटली, लाज वाटली. वाटलं, माझ्यापायी सगळे खोळंबले असतील." कुणीच खोळंबलं नव्हतं, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत.

आता तुमच्या उपायाकडे येतो. सगळे एका चालीने. मेजर, पलटणीत वीस-बावीसची, एकाच मैदानावर घासलेली पोरं असतात. आमच्यात पोलीस भरतीची तयारी करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा आहे आणि सदुसष्ट वर्षांचे निवृत्त गुरुजी आहेत. चाल कुणाची धरायची? पोराला किलोमीटरला नऊ मिनिटांनी दोन तास पळवलं तर तो तिसऱ्या रविवारी येणार नाही. गुरुजींना सहा मिनिटांनी पळवलं तर पुढचा रविवार सिव्हिल हॉस्पिटलमध्ये. आणि सगळे आपल्यासाठी हळू पळतायत हे शेवटच्याला कळल्याशिवाय राहत नाही. ताईंना लाज वाटली ती नेमकी याचीच, तीही कुणी थांबलेलं नसताना.

म्हणून ऑगस्टपासून आम्ही अंतर ठरवणं बंद केलं. आता वेळ ठरवतो. पाचला निघायचं आणि सहा वाजून दहा मिनिटांनी जो जिथे असेल त्याने तिथून मागे वळायचं. जोरात पळणारा तोवर अकरा-साडेअकरा किलोमीटर गेलेला असतो, गुरुजी पावणेआठ. वळल्यावर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. गुरुजी सगळ्यांच्या पुढे, आणि तगडी पोरं आपोआप त्यांच्या मागे. सात-वीसच्या आसपास सगळे नाक्यावर. मागे राहायला मागे कुणी उरतच नाही. तरी शेवटचा माणूस आहेच, आता दोन आहेत, आणि त्यांना दुसरं काही काम द्यायचं नाही असा नियम मी स्वतःलाच घातलाय. परतल्यावर डोकी मोजत नाही, कागदावरच्या नावापुढे ज्याने त्याने येऊन सही करायची. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ज्याचा त्याच्या कमरेला.

यावर पुढची पोरं नाराज आहेत. घड्याळात २२.७ किलोमीटर दिसलं की त्यांना जेवण जात नाही. एक जण उरलेले तीनशे मीटर पुरे करायला नाक्यावर बंद दुकानांसमोर येरझाऱ्या घालतो. दूधवाले बघत राहतात.

'लाल डबा'. हे नाव आम्ही ठेवलेलं नाही, गुरुजींनी ठेवलं. पूर्वी आमचे गट अ, ब, क होते. 'क' म्हटलं की शाळेतल्या ढ वर्गासारखं वाटतं, असं ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्यांना 'शिवनेरी', मधल्यांना 'एशियाड' आणि स्वतःच्या गटाला 'लाल डबा' अशी नावं दिली. लाल डब्याचा नियम एकच, एसटीच्या पाटीवरचा: हात दाखवा, गाडी थांबवा. कुणीही हात वर केला की सगळा गट चालायला लागतो, कारण विचारायचं नाही. त्या गटात कुणाला ढकलत नाहीत, ज्याचं तो बसतो. मागच्या महिन्यात शिवनेरीतला एक जण गुडघा दुखतो म्हणून डब्यात बसला, तो अजून उतरायला तयार नाही.

आणि घोळक्याला बस म्हणायची ही कल्पना आमच्या डोक्यातली नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये कॉम्रेड्स नावाची साधारण ९० किलोमीटरची शर्यत होते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी विक क्लॅफम या फौजीनेच ती १९२१ मध्ये सुरू केली. आता बारा तासांत संपवावी लागते. ठरलेल्या वेळेत पोचवणाऱ्या घोळक्याला तिथे 'बस'च म्हणतात, पुढे पळणारा तो ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणेल तेव्हा चालायचं, म्हणेल तेव्हा पळायचं. तिथे बसमध्ये बसण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

शनिवारी आठची मुदत का, तर तो सहीचा कागद त्यानंतर तयार होतो. किती नावं आहेत त्यावर केळी किती डझन, पाण्याचे जार किती, शेवटची माणसं दोन की तीन, हे ठरतं. पहाटे पाचला नाक्यावर अचानक उगवलेल्या माणसाचं नाव कागदावर नसतं, आणि कागदावर नसलेला माणूस हरवला तर कळत नाही. हे मी आता शिकलोय.

हेडफोनवर मी एक इंचही मागे हटणार नाही. यवतेश्वरचा रस्ता पुढे कासला जातो. ते पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि फुलांच्या दिवसांत रविवारी उजाडायच्या आत पुण्या-मुंबईच्या गाड्या घाटात लागतात. आम्ही उजव्या कडेने पळतो, समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून. पण आंधळ्या वळणावर ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. कानात ढोल-ताशा चालू असेल तर ऐकणार कोण?

पन्नास रुपयांचा हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाकतो. गेल्या महिन्यात एकशे ऐंशी रुपये उरले, ते पेट्रोलमध्ये गेले. भरतीच्या पोरांकडून आणि विद्यार्थ्यांकडून घेत नाही.

पाणी दर किलोमीटरला देणार नाही, आणि ते पैशासाठी नाही. तीन किलोमीटरला एक जागा पहाटेच्या गारव्यात पुरते. जास्त पाणी पिणंही अंगाशी येतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम नको इतकं उतरलेलं होतं, आणि त्याचं मोठं कारण निघालं पळताना ढसाढसा प्यायलेलं पाणी. तहान लागली की प्या, एवढंच आम्ही सांगतो. इलेक्ट्रॉल मी पहाटे सव्वाचारला घरी ओट्यावर कालवतो, एक पाकीट, एक लिटर, मापाने. एकदा एका उत्साही मित्राने अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन पाकिटं रिकामी केली होती. ज्याने ती बाटली प्यायली त्याची चव अजून जात नाही म्हणतो.

राहता राहिल्या गप्पा. मेजर, गप्पा मारता येतात इतक्याच वेगाने लाँग रन पळायचा असतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आर्थर लिडियार्ड नावाचा प्रशिक्षक होता, बुटांच्या कारखान्यात काम करणारा. त्याची पोरं दर रविवारी वायटारुआच्या डोंगरातून बावीस मैलांची फेरी मारायची. आपल्या हिशोबाने पस्तीस किलोमीटर. त्यातला पीटर स्नेल पळायचा ८०० मीटर, म्हणजे दोन मिनिटांच्या आतला खेळ, तरी रविवारी तोही त्याच फेरीत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याला सुवर्ण मिळालं, आणि त्याच दिवशी त्याच टोळीतल्या मरे हॅलबर्गला ५००० मीटरचं.

त्याच लिडियार्डने १९६२ मध्ये सामान्य माणसांसाठी जॉगर्स क्लब काढला. पोट सुटलेले, काही तर हृदयविकारातून उठलेले लोक त्यात होते. अमेरिकेतला बिल बॉवरमन, जो पुढे नायके कंपनीचा एक संस्थापक झाला, तिथे पाहुणा म्हणून गेला आणि त्यांच्याबरोबर पळायला निघाला. पन्नाशीतला नामांकित कोच, पण चढावर मागे पडला. तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ पुढच्या घोळक्यातून मुद्दाम मागे आले आणि गप्पा मारत त्याच्याबरोबर पळत राहिले, असं तो पुढे स्वतःच सांगायचा. जुलैत आमच्या सदतीस जणांत असा एकही माणूस निघाला नाही. तुमच्या प्रतिक्रियेतलं 'माणूस मागे सोडून येत नाहीत' हेच वाक्य मला चार दिवस टोचत होतं, बाकीच्यांना उत्तरं होती.

येत्या रविवारी घाट नाही. संगम माहुलीच्या बाजूला सपाटीचा रन आहे, पाच ते सात-वीस. दोन शेवटच्या माणसांपैकी एकाच्या मेहुणीचं लग्न आहे, तेव्हा एक जागा रिकामी आहे. तिला वेग लागत नाही, मागे वळून बघायची सवय लागते, आणि ती तुमच्याइतकी आमच्यात कुणाला नाही. पावणेपाचला पोवई नाका, टॉर्च आणा. पन्नास रुपये माजी सैनिकांना माफ करावेत असं गुरुजींचं म्हणणं आहे, माझं नाही, पण मतदानात मी हरेन.

नाव मात्र शनिवारी आठच्या आत टाका. आठ वाजून एक मिनिटाने आलं तर मेजर असलात तरी घेणार नाही.