चेन ब्रेक म्हणजे खेळणं? चेनसॉच्या त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: जुन्या चेनसॉ (झाडं कापायच्या यांत्रिक साखळी-करवती) अस्सल धातूच्या, तीस-तीस वर्षं चालायच्या, नव्या प्लास्टिकच्या, वर्षात बसतात, चेन ब्रेक हे किंमत वाढवायला लावलेलं खेळणं, पेट्रोलमध्ये तेल जास्त घातलं की इंजिन जास्त टिकतं, सबब जुनं मशीन मिळेल त्या भावाने उचला. एरवी मी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण देवरुखजवळ आंबा-काजूची बाग असलेल्या माझ्या आतेभावाने तो वाचून एका जुन्या मशीनचा सौदा जवळजवळ ठरवला. त्याने पाठवलेल्या फोटोत पुढच्या हँडलजवळ ब्रेकच्या दांड्याची नुसती रिकामी भोकं दिसत होती.

तेव्हा आधी त्या ‘खेळण्या’बद्दल. साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की साखळी क्षणभर अडकते आणि सगळा जोर उलटा फिरून पट्टी कापणाऱ्याच्या तोंडा-मानेकडे उसळते. हाच किकबॅक. पापणी लवायच्या आत सगळं होतं; ‘मी जपून वापरतो’ याला तिथे काडीचाही अर्थ नाही. त्या झटक्याने, किंवा मनगट आदळून, हँडलपुढचा दांडा पुढे पडतो, साखळी फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळतो आणि साखळी थांबते. आपोआप लागणारा हा ब्रेक हुस्कवर्ना या स्वीडिश कंपनीने 1973 मध्येच आणला. म्हणजे मेसेजवाल्याचं ‘नवं फॅड’ पन्नाशी ओलांडून गेलंय! ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’नंतर आडव्या झालेल्या कलमांच्या फांद्या एकमेकींत कशा अडकल्या होत्या, ते कोकणात कुणाला सांगायला नको. तशा गुंत्यात पट्टीचं टोक कुठे ना कुठे लागतंच.

मग लोक ब्रेक काढतात का? तर तो अडकतो म्हणून. आणि अडकतो कशाने? साइड कव्हर उघडून बघा. साखळीच्या तेलात भिजलेला भुसा पट्ट्याभोवती काळ्या लगद्यासारखा थापलेला असतो. ब्रश फिरवून तो काढायचा कंटाळा, म्हणून ब्रेकच उपटायचा.

दुसरी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: हात. उत्तर-पूर्व फिनलंडमधल्या सुओमुसाल्मी भागातल्या लाकूडतोड्यांची 1972 ते 1990 अशी सलग तपासणी झाली. कंपनाने बोटं पांढरी पडून बधिर होण्याचा त्रास सुरुवातीला सुमारे 40 टक्के लोकांना होता, शेवटी 5 टक्क्यांना. त्याच काळात मशीनचं कंपन 14 वरून 2 मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत उतरलं होतं. इंजिन आणि हँडल यांच्यामध्ये बसवलेली रबरं नि स्प्रिंगा, दुसरं काय! जुन्याचा ‘दणकटपणा’ हातात जाणवतो तो असा.

प्लास्टिकचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, कबूल. स्वस्तातल्या घरगुती मॉडेलांचा सांगाडा प्लास्टिकचा असतो आणि ऑनलाइन मिळणाऱ्या, दर महिन्याला नाव बदलणाऱ्या ‘58 सीसी’ मशीनचे पार्ट शोधताना माणूस रडकुंडीला येतो. पण व्यावसायिक मॉडेलांचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य आवरण, आजही मॅग्नेशियमचाच असतो. रोजचं काम असेल तर ते घ्या. आणि तीस वर्षं चाललेलं मशीन तेवढं दिसतं. त्याच्यासोबतची बाकीची केव्हाच भंगारात गेली, त्यांचा फोटो कोण टाकणार?

तेलाचं गणित तर साफ चूक. पेट्रोल-तेलाचं प्रमाण 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, बस. जुन्या पुस्तिकांत 25:1 असे ते तेव्हाच्या तेलामुळे. जास्त ओतलंत तर सायलेन्सरची जाळी नि प्लग काजळीने भरतात आणि मशीन दम टाकतं.

‘नव्याचा कार्बोरेटर लगेच जातो’ हेही त्यात आहे. जातो, पण दोष बऱ्याचदा पेट्रोलचा असतो. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत मर्यादा 10 टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, रबर खराब करतं. मग ज्या जुन्या मशीनचे पाइप आणि डायफ्राम (कार्बोरेटरमधले पातळ पडदे) इथेनॉलचा विचारही न करता बनवले गेले, ते त्यात जास्त टिकेल हे कुठलं तर्कशास्त्र? आतेभावाला एवढंच कळवलंय: मशीन कुठलंही घे, पण पावसाळ्यात ठेवून देताना टाकी रिकामी कर आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे. आणि त्या भोकंवाल्याचा इसारा अजून दिला नसशील तर देऊ नकोस.