‘फुटबॉल कुणी बघतच नाही’ हे ठरवलं कुणी?

इंडियन सुपर लीग या देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचा 2025-26 चा हंगाम अडकला, बेंगळुरू एफसी या क्लबनं पहिल्या संघाचे पगार थांबवले, आणि एक मजकूर सगळीकडे फिरू लागला. त्याचं म्हणणं असं : भारतात फुटबॉल कुणी बघत नाही, माध्यमं लोकांना हवं तेच दाखवतात, रिलायन्सनं पदरमोड करून लीग चालवली आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं ती बुडवली.

‘कुणी बघत नाही’? एप्रिल 2025 मधल्या अंतिम सामन्याला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर जवळपास 60 हजार माणसं होती. सगळीकडे असं चित्र नाही आणि सुरुवातीची गर्दी ओसरली, हे खरंच आहे. पण ओसरणं वेगळं आणि नसणं वेगळं.

‘माध्यमं लोकांना हवं तेच दाखवतात’ हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. महासंघानं डिसेंबर 2010 मध्ये भारतीय फुटबॉलचे 15 वर्षांचे व्यावसायिक हक्क 700 कोटींना आयएमजी-रिलायन्सला दिले. त्यांनी स्टार इंडियासोबत एफएसडीएल ही कंपनी काढली आणि 2014 मध्ये सुपर लीग सुरू केली. म्हणजे लीग चालवणारे आणि ती दाखवणारे भागीदारच होते. सुपर लीगच्या आधीपासून चालत असलेल्या आय-लीग या राष्ट्रीय लीगचे हक्कही त्याच करारात गेले. 2018-19 चा हंगाम चालू असतानाच स्टारनं आय-लीगच्या उरलेल्या सामन्यांपैकी काहीच सामने दाखवायचे, बाकीचे नाहीत, असं ठरवलं. क्लबांनी निषेध केला, पण ज्यांना सामना पडद्यावर दिसलाच नाही, त्यांनी त्याला नाकारलं असं कसं म्हणायचं? त्याआधी, 2016 मध्येच, गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले होते, कारण नव्या आराखड्यात तिला दुय्यम जागा मिळणार होती. धेंपोची पाच आणि साळगावकरची दोन राष्ट्रीय विजेतेपदं. एवढा इतिहास असलेली घरं बाजूला होतात, तेव्हा त्यांच्यामागचा प्रेक्षकही तुटतो.

पदरमोड? पैसा ओतला, यात शंका नाही. पण 2023 मध्ये सामन्यांचे हक्क वायकॉम18 कडे गेले, तीही रिलायन्सचीच. 2024 मध्ये स्टार आणि वायकॉम18 एकत्र येऊन जिओस्टार झाली. विकणारा आणि घेणारा एकाच घरचा असेल, तर लीगची खरी किंमत कशी कळणार? शिवाय 2014 पासून नेटवर्क18 च्या वृत्तवाहिन्याही याच समूहाकडे आहेत. तिथले पत्रकार पक्षपाती आहेत, असं मी म्हणत नाही. पण मालकाच्या लीगची बातमी देताना ते नातं प्रेक्षकाला सांगायलाच हवं.

महासंघाचा दोष मोठा आहे. ऑगस्ट 2022 मध्ये फिफानं त्याला निलंबित केलं होतं, त्याच्या घटनेचा खटला वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयात रेंगाळला. पण नोव्हेंबर 2025 मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही, हा प्रेक्षक नसल्याचा पुरावा नाही. वर्षाला किमान 37.5 कोटी द्यायचे आणि कारभारात अधिकार मर्यादित, अशा अटी होत्या, आणि इच्छुकांनी त्यांवरच प्रश्न उपस्थित केले होते.