लेक्चर ५ टक्के आणि सेमिनार ९० टक्के? कुठून आणले हे आकडे

तो रंगीत पिरॅमिड परत स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. लेक्चर ऐकून ५ टक्के लक्षात राहतं, वाचून १०, व्हिडिओने २०, डेमोने ३०, चर्चेने ५०, स्वतः करून ७५ आणि दुसऱ्याला शिकवून ९०. खाली उपदेश, की नवीन सिलॅबस करताना लेक्चर काढा, सेमिनार भरा.

आधी आकडे बघा ना, सगळे कसे पाचच्या पाढ्यातले! ५ टक्के कशाचे, किती दिवसांनी, कुठल्या विषयात, काही पत्ता नाही. अमेरिकेतल्या ज्या एनटीएल संस्थेच्या नावावर हे खपवतात तिनेच सांगितलंय की मूळ संशोधन आता तिच्याकडे नाही. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव लावतात, तर त्याच्या १९४६च्या शंकूत, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांच्या शंकूसारख्या आकृतीत, टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कुणीतरी चिकटवली.

लेक्चर फुकट, हातानेच सगळं येतं म्हणे. केमिस्ट्रीचं फर्स्ट इयरचं टायट्रेशन घ्या, ऑक्झॅलिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे एक द्रावण थेंबथेंब दुसऱ्यात सोडून त्याचं प्रमाण मोजायचं. ब्युरेटचं, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या नळीचं रीडिंग डोळ्याच्या लेव्हलला, मेनिस्कसच्या (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या) खालच्या कडेला घ्यायचं हे दोन मिनिटं करून दाखवलं की झालं, त्यावर चर्चा काय डोंबल करणार. एंड पॉइंटचा, म्हणजे थांबायची वेळ दाखवणारा फिकट गुलाबी रंग मात्र स्वतः दोन-चार वेळा गडद करून बिघडवल्याशिवाय जमत नाही. आणि रंग बदलून ती वेळ दाखवायला फिनॉल्फ्थॅलिनच का, मिथाइल ऑरेंज का नाही, यासाठी कुणीतरी फळ्यावर पीएचचा कर्व्ह काढून नीट समजवावंच लागतं, म्हणजे लेक्चरच की! एकाच प्रॅक्टिकलमधे तीन तऱ्हा, तिथे पिरॅमिडचा काय उपयोग?

९० टक्क्यांचं तर बोलूच नका. दुसऱ्याला शिकवायला आधी स्वतःला आलेलं लागतं, नाहीतर सेमिनारमधे आदल्या रात्री डाउनलोड केलेली पीपीटी एकजण वाचतो आणि बाकीचे मोबाईलमधे.

यावर "मग तुम्हाला नुसती लेक्चरंच हवीत का" हा प्रश्न येणारच. अजिबात नाही. २०१४मधे फ्रीमन आणि मंडळींनी विज्ञान, इंजिनिअरिंग, गणिताचे २२५ अभ्यास एकत्र तपासले, नुसत्या लेक्चरच्या वर्गात सुमारे ३४ टक्के नापास, पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२. खरा पुरावा इतका चांगला असताना खोटा कशाला फॉरवर्ड करायचा? रोडिगर-कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोगही आहे, उतारा दोनदा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवला, एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६. ना चर्चा, ना सेमिनार. सिलॅबसमधे काही घालायचंच असेल तर दर आठवड्याला मागच्या आठवड्यावर पाच मिनिटांची, मार्क नसलेली टेस्ट घाला, त्याला बजेटही लागत नाही.