लाल दिवा दिसला म्हणून आजीची गाणी पुसू नका

अहिराणी गाणी घरीच रेकॉर्ड करणाऱ्या आपल्या खान्देशी पोरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. "ट्रॅक लाल झाला की आवाज कायमचा फाटला, नंतर फेडर खाली घेऊन उपयोग नाही. ट्रॅक वाढवले की सॉफ्टवेअर प्रत्येकाचा आवाज भागून कमी करतं. फाटलेलं गाणं नॉर्मलाइज केलं की नीट होतं." (ट्रॅक म्हणजे एकेक आवाजाची वेगळी पट्टी, लाल म्हणजे आवाज मर्यादेबाहेर गेल्याची मीटरची खूण, फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, नॉर्मलाइज म्हणजे अख्ख्या गाण्याचा आवाज एकाच प्रमाणात बदलणं.) अमळनेरच्या माझ्या एका मित्राने याच भीतीने कानबाई देवीच्या सणाच्या रात्रीची आजीची दोन गाणी पुसून टाकली. कानबाई वर्षातून एकदाच बसते. म्हणून हे लिहितोय.

मिक्सिंग म्हणजे साधी बेरीज. आजीच्या आवाजाचा आकडा अधिक डफाचा आकडा, सेकंदाला 44,100 वेळा. पूर्ण पातळी 1 धरली, तर 0.8 आणि 0.7 मिळून 1.5 होतात. 16 बिटच्या फाइलमध्ये 32,767 च्या वर आकडाच मावत नाही, म्हणून लाटेचं डोकं छाटलं जातं. पण ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आतला हिशेब 32 बिट फ्लोटमध्ये, म्हणजे 1 च्या वरचेही आकडे मावतील अशा दशांश पद्धतीत करतं; रीपर हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर 64 बिटमध्ये. तिथे 1.5 हा 1.5 च राहतो. मास्टर, म्हणजे सगळ्या ट्रॅकचा एकत्रित आवाज, 6 डेसिबल खाली घ्या, तो साधारण 0.75 होईल आणि लाट जशीच्या तशी मिळेल.

मग ऐकताना फाटलेलं का वाटतं? कारण साउंड कार्डाला 1 च्या पुढचं वाजवताच येत नाही. छाटणी स्पीकरकडे जाताना होते, प्रोजेक्टमधली लाट शाबूत असते. तशीच 16 बिट वेव्ह काढली, तर मात्र त्या फाइलमध्ये ती खरोखर छाटली जाते. काही प्लगइन्सनाही (वरून जोडलेल्या इफेक्टना) आत मर्यादा असते, तिथे पातळी आधीच उतरवावी.

मेसेजमधला दुसरा मुद्दा, ट्रॅक वाढले की आवाज भागला जातो हा, दोन मिनिटांत तपासता येतो. एकाच ट्रॅकची प्रत खाली ठेवून वाजवा, मीटर 6 डेसिबल वर जाईल. भागाकार असता तर तो हललाच नसता. एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधला, आवाज एकत्र करणारा एमिक्स फिल्टर आपणहून पातळी उतरवतो हे खरं, पण तो पर्याय बंद करता येतो.

नॉर्मलाइज केल्याने लाटेची फक्त उंची बदलते. सपाट झालेलं डोकं सपाटच राहतं.

खरा धोका माइकपाशी आहे. तिथे गेन, म्हणजे रेकॉर्ड होताना आवाज वाढवायचं प्रमाण, जास्त झाला, तर आवाजाचा आकडा होतानाच लाट छाटली जाते आणि ती परत मिळत नाही. सगळ्या बाया एकदम सूर लावतात आणि डफ जोरात वाजतो, त्या क्षणावर गेन लावा. शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या.

मिक्स लाल दिसलं तर पुसण्याआधी मास्टर 6 डेसिबल उतरवून 32 बिट फ्लोटमध्ये काढा आणि लाट मोठी करून बघा. डोकी गोल दिसली तर गाणं वाचलेलं आहे. सपाट दिसली तर एकेक ट्रॅक तसाच तपासा, एखाद्याच माइकचं रेकॉर्डिंग छाटलं गेलेलं असेल.