"माती कमी टाकली" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या फळ्यांच्या वाफ्यात माती भरायचं एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं आणि पोरांनी जाताना फरशीवरचा चिखल नीट धुतला नाही, ही आमची चूक, सॉरी. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

पण "माती कमी टाकून फसवलं, महिन्यात वाफा वीतभर खाली गेला" हे जे लिहिलंय ना, ते मनाला लागलं. उशीर केला म्हणा, कामात घाण केली म्हणा, ऐकून घेईन, पण मातीत चोरी करतो म्हणालात. आमचं सगळं काम लोकांच्या सांगण्यावरून मिळतं ताई, आणि हा एक स्टार सगळ्यात वर दिसतोय.

तुमचा वाफा ८ फूट लांब, ३ फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर ३६ घनफूट, म्हणजे साधारण हजार लिटर. आम्ही ४० लिटरच्या २५ गोण्या ओतल्या, हिशोब करा, बरोबर हजार होतात, आणि त्या गोण्या तुम्ही स्वतः पायरीवर उभं राहून मोजल्या होत्या. आणि वीत म्हणजे नऊ इंच हो! मी तिसऱ्या आठवड्यात आलो तेव्हा तुमच्यासमोर टेप लावला होता, सव्वातीन इंच भरलं. तुम्हीच टाकलेल्या फोटोत झूम करून बघा, फळीच्या आतल्या बाजूला काठाच्या एक बोट खाली मातीची रेघ आहे, पहिल्या दिवशी माती तिथपर्यंत होती. माती कमी असती तर ती रेघ तिथे आली कुठून?

माती बसतेच. त्यात निम्मी माती आणि बाकी शेणखत नि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे, ओतताना सगळं भुसभुशीत असतं, आत हवा असते, पाणी पडलं की ती हवा निघून जाते, वर खत आणखी कुजत राहतं आणि त्याचा आकार कमी होतो. म्हणूनच मी म्हणालो होतो की दोन-तीन आठवडे नुसतं पाणी मारून बसू द्या, मग वरून भर घालू आणि मग रोपं लावू. तुम्हाला रविवारी पाहुणे येणार होते, फुलं तेव्हाच हवी होती. मी "बरं" म्हणालो. तिथे मी नको म्हणायला हवं होतं, हेही कबूल करतो.

आता पेट्युनिया मेल्या त्याबद्दल. राग मानू नका, पण त्याच फोटोत पाईप वाफ्यातच सोडलेला दिसतोय. तुम्हीच सांगितलंत की रोपं मान टाकतात म्हणून दिवसातून तीनदा पाणी देते. अहो, मुळं पाण्यात गुदमरली की कुजतात, आणि मूळ कुजलं तरी झाड मानच टाकतं, तहानेसारखंच दिसतं, मग आपण आणखी पाणी घालतो. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, ओलं लागलं तर पाणी नाही द्यायचं, एवढंच. हे त्या दिवशी झेंडू लावताना मी करून दाखवलं होतं, तुम्ही तेव्हा फोनवर होतात.

असो. यापुढे माती बसण्याचं आधीच लिहून देत जाऊ, पोरांनाही साफसफाईचं सांगितलंय, बघतो अजून काय करता येईल ते.

तुमच्या वाफ्याला भर म्हणून पाच गोण्या लागतील, त्या मी घेऊन येतो, पैसे नकोत. रिव्ह्यू बदला म्हणून नाही देत, तसं वाटत असेल तर राहू दे तो. फक्त तुम्ही स्वतः वरून माती ओतू नका, खोडं पुरली जातील, जी रोपं जगलीत ती आधी मुळाच्या गोळ्यासकट उचलून मग भर घालावी लागेल. बुधवारी सकाळी येऊ का? मंगळवारपासून पाईप तेवढा बंद ठेवा, चिखलातून रोपं उचलली तर मुळं तुटतात.